कळस आणि कुंपण

तंजावरच्या उत्तरेस सुमारे बारा किलोमीटरांवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव आहे. पाच पवित्र नद्यांचे गाव असा त्या नावाचाच अर्थ आहे. तंजावरहून येणाऱ्या वाटसरूला वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी असे पाच प्रवाह ओलांडावे लागतात. तमिळ चित्तिरै महिन्यात, म्हणजे आपल्या चैत्र-वैशाखात, येथे सप्तस्थान उत्सव होतो. पंचनदीश्वर नवविवाहित नंदीला बरोबर घेऊन पालखीतून निघतो आणि तिरुप्पळनम्, तिरुच्चोट्रुत्तुरै, तिरुवेदिकुडी, तिरुक्कंडियूर, तिरुप्पून्तुरुत्ती व तिल्लैस्थानम या सहा क्षेत्रांना भेट देऊन स्वस्थानी परततो. प्रदेश सपाट असल्यामुळे देवळाचे गोपुर दुरूनच दृष्टीस पडते. परंतु दृष्टी जशी थेट तेथे पोचते, तसे पायांना पोचता येत नाही. मध्ये भाताची खाचरे आहेत, पाट आहेत, नदीची पात्रे आहेत.

ही भूमिरचना मनाशी धरली, म्हणजे इंग्रजी वाङ्मयातील एका शब्दाचा विसरलेला अर्थ सहज ध्यानी येतो. तो शब्द म्हणजे 'स्टीपलचेस'. 'स्टीपल' म्हणजे चर्चचा निमुळता मनोरा. आपल्या भाषेत कळस. परंपरा अशी की, १७५२ साली आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात कॉर्नेलियस ओकॅलहन आणि एडमंड ब्लेक या दोघांनी बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडे फेकण्याची पैज लावली. अंतर सुमारे साडेचार मैलांचे. आखलेला मार्ग नव्हता. दूरच्या मनोऱ्यावर नजर ठेवायची आणि वाटेत येतील ती कुंपणे, चर व भिंती ओलांडायच्या, एवढाच नियम. पुढे अशा शर्यतींना निश्चित मैदाने लाभली. कुंपणे मुद्दाम उभारली जाऊ लागली. १८३९ मध्ये लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथे 'ग्रँड नॅशनल' म्हणून पुढे विख्यात झालेली शर्यत धावली. कळस मागे पडला, कुंपण तेवढे उरले.

मराठीने हा शब्द स्वीकारला तो या उत्तरार्धातून. 'अडथळ्यांची शर्यत' हा त्याचा रूढ पर्याय. माणसांच्या मैदानी खेळात तो सर्वस्वी योग्य आहे. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत रौप्य आणि २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्ण मिळविले, ते तीन हजार मीटरांच्या अशाच शर्यतीत. आणि तेथे अडथळा व पाण्याची उडी याखेरीज दुसरे काही नसते. परंतु ज्या कथावाङ्मयात घोडा, स्वार आणि गाव यांची गोष्ट आहे, तेथे हा पर्याय अनुवादकाला चकवतो. मूळ नाव गंतव्यस्थान सांगते. मराठी नाव केवळ विघ्ने मोजते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे सिगफ्रीड ससून यांची १९२८ साली प्रसिद्ध झालेली 'मेमॉयर्स ऑफ अ फॉक्स-हंटिंग मॅन' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. तिच्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी खेड्यातील शर्यतीचा दिवस आहे. अशा शर्यती शिकारमंडळी भरवीत. स्वार हौशी असत; घोडे त्या हंगामात शिकारीला नेलेलेच लागत; धाव होई ती गावकऱ्यांच्या शेतांतून, त्यांच्या अनुमतीने. म्हणून तेथील कुंपण हे कोणा ओळखीच्या शेतकऱ्याचे कुंपण असते. कादंबरीचा नायक जॉर्ज शेरस्टन हा बुजरा, नवशिका तरुण. डिक्सन हा जुना मोतद्दार त्याच्या पाठीशी उभा राहतो, कॉकबर्ड नावाचा घोडा त्याला लाभतो, आणि तो कर्नलच्या नावाचा प्याला जिंकतो. ही घटना क्षुल्लक आहे, आणि ससून तिला मोठी करूनही सांगत नाहीत. मात्र शेरस्टनने त्या दिवशी अडथळ्यांवर मात केली असे म्हणणे पुरेसे नाही. ज्या भूमीत तो वाढला, ती त्याने त्या दिवशी घोड्याच्या पाठीवरून आपलीशी केली. कुंपण हा तेथे शत्रू नाही. ते भूमीच्या ओळखीचे एक अंग आहे.

कादंबरीचा शेवट फ्रान्समधील रणभूमीवर होतो. डिक्सन सैन्यात भरती होतो आणि न्यूमोनियाने मरतो. शेरस्टनचे मित्र मारले जातात. त्याच रणक्षेत्रातील आल्बेर गावच्या चर्चच्या मनोऱ्यावरची मूर्ती १९१५ मध्ये तोफांच्या माऱ्याने आडवी लवली होती, आणि १९१८ मध्ये मनोराच कोसळला. चर तेथेही होते, काटेरी कुंपणेही होती. नव्हता तो दुरून खुणावणारा कळस. 'अडथळ्यांची शर्यत' एवढेच शब्द हाती धरून या कादंबरीचा अनुवाद केला, तर पूर्वार्ध व उत्तरार्ध यांत फरक उरत नाही, कारण अडथळे दोन्हीकडे आहेत. भेद आहे तो गंतव्याचा, आणि तोच नेमका गळून पडतो.

मराठी वाचकाच्या बाजूनेही एक अडचण आहे. घोडा आणि ओढा एकत्र आले की त्याच्या मनात क्रीडा उभी राहत नाही. १८५८ साली ग्वाल्हेरजवळ राणी लक्ष्मीबाईंचा नवा घोडा नाल्यापाशी अडला, ही परंपरागत हकीकत त्याने लहानपणीच ऐकलेली असते. तेथे न मारलेली उडी म्हणजे मृत्यू. तिरुवैयारुच्या परिसरात तर मराठी घोड्याचे आणखी निराळे रूप दिसते. सतराव्या शतकात एकोजीराजांबरोबर पठारावरचे स्वार या कालव्यांच्या मुलखात आले आणि येथे राज्यकर्ते झाले. कालांतराने घोडा ग्रंथात शिरला. तंजावरच्या सरस्वतीमहाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावरील अश्वशास्त्राची सचित्र पोथी आहे. ती १९५२ मध्ये छापून निघाली. अश्वाची लक्षणे मराठी मनाला अशी रणातून आणि पोथीतून ठाऊक आहेत. गावजत्रेतील उडी त्याला परकीच वाटते.

तरीही मूळ कल्पना आपल्याला परकी नाही. पंढरीच्या वाटेवर, वेळापूरच्या अलीकडे, ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबरचे वारकरी उतारावरून धावत सुटतात. तुकाराममहाराजांना येथून विठ्ठलमंदिराचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा त्यामागे आहे. या विधीला 'धावा' असेच म्हणतात. त्याच वाटेवर रिंगणात माउलींचा अश्व धावतो, त्याच्या पाठीवर स्वार नसतो आणि त्याच्या टापांखालची माती लोक कपाळी लावतात. येथे पैज नाही, प्याला नाही. परंतु दुरून दिसणारा कळस पाहून सर्वांगाने त्याच्याकडे झेपावणे, ही भावना मराठी भाषेत जिवंत आहे.

म्हणून अशा प्रसंगी अनुवादकाने 'कळसदौड' हा शब्द योजून पाहावा. तो प्रथम अनोळखी वाटेल. पण 'दौड'मध्ये घोडा आहे आणि 'कळस'मध्ये गाव आहे. कुंपणे, चर व बांध यांचे वर्णन मूळ लेखकाने केलेलेच असते. त्यांना नावातही स्थान देण्याची आवश्यकता नाही. तिरुवैयारुच्या पालखीमागे चालणारा भाविक किती पाट ओलांडले याची मोजदाद ठेवीत नाही. विचारले तर तो पुढच्या देवळाचे नाव सांगतो.