फोर-व्हील सुटत नाही तेव्हा

पावसाळा आला की कोकणातल्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. चिखलात किंवा बागेच्या चढावर जीपची फोर-व्हील लावली, गाडी बाहेर निघाली. पण डांबरी रस्त्यावर आल्यावर फोर-व्हील सुटायला तयार नाही. दांडा जागचा हलत नाही. स्टेअरिंग जड झाले आहे आणि वळणावर गाडी कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडखळते.

आपल्या घरांमध्ये अशा जुन्या गाड्या अजून बऱ्याच आहेत. कुणाकडे वडिलांनी घेतलेली महिंद्रची जीप आहे, कुणाकडे जुनी जिप्सी. आंब्याच्या पेट्या, लग्नाची मंडळी, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा रुग्ण, सगळ्यांना हीच गाडी. तिच्या गिअरमध्ये बिघाड आहे असे ऐकले की घरात आधी पैशांची चिंता सुरू होते. म्हणून या वेळी आम्ही ठरवले, की हा विषय सोप्या भाषेत मांडायचा. कारण पुष्कळदा काहीही मोडलेले नसते. गाडी फक्त ताणात अडकलेली असते.

हा ताण येतो कुठून?

गाडी वळते तेव्हा पुढची चाके मोठ्या गोलातून जातात आणि मागची लहान गोलातून. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये 2.4 मीटर अंतर असलेली गाडी साडेपाच मीटरच्या त्रिज्येने काटकोनात वळली, तर पुढची चाके सुमारे 8.6 मीटर चालतात आणि मागची सुमारे 7.8 मीटर. एकाच वळणात पाऊण मीटरहून जास्त फरक पडला.

नेहमीच्या चालण्यात या फरकाने काही बिघडत नाही, कारण इंजिनाचे बळ फक्त मागच्या चाकांना मिळते आणि पुढची आपली मोकळी फिरतात. फोर-व्हील लावली की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते. जुन्या जीप आणि जिप्सीसारख्या गाड्यांमध्ये या दोन शाफ्टांच्या मध्ये फरक सांभाळणारे डिफरन्शियल नसते. दोन्ही शाफ्टांना सारखेच फेरे घ्यावे लागतात.

चिखलात, वाळूत किंवा ओल्या मातीत चाक थोडे घसरते आणि फरक तिथेच फिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो फरक शाफ्टांमध्ये पीळ होऊन साठतो, कपडा दोन्ही टोकांनी पिळून धरावा तसा. त्या पिळाने आतले दाते एकमेकांवर इतके दाबले जातात की दांडा ओढूनही ते सरकत नाहीत. दांडा अडकला आहे असे आपल्याला वाटते. खरे तर दात्यांवरचा भार उतरलेला नसतो.

आधी बिनखर्चाचे उपाय

दांड्यावर दोन्ही हातांनी जोर लावू नका आणि त्याला पाइप अडकवून तर मुळीच ओढू नका. आतले फोर्क वाकले, तर नसलेला बिघाड खरोखरच तयार होतो.

स्टेअरिंग अगदी सरळ करा. मागे कुणी नाही, विशेषतः मुले नाहीत, हे उतरून पाहा. गाडी सरळ रेषेत हळूहळू चार-पाच मीटर मागे घ्या. पुढे जाताना भरलेला पीळ मागे येताना उलगडतो. गाडी हळू चालत असतानाच क्लच दाबा आणि दांड्यावर हलका, सारखा दाब ठेवा. पुष्कळदा दांडा आपणहून सुटतो. नाही सुटला, तर एकदा पुढे, एकदा मागे असे दोन-तीनदा करा. जवळ मातीचा किंवा वाळूचा भाग असेल तर गाडी तिथे नेऊन हेच करा.

जुन्या महिंद्र जीपमध्ये दोन दांडे असतात: एक पुढच्या चाकांचा, दुसरा हाय-लोचा. गाडी लोमध्ये असेपर्यंत पुढच्या चाकांचा दांडा सुटत नाही. हा दोष नाही, तशी रचनाच आहे. गाडी थांबवून आधी हायमध्ये आणा, मग फोर-व्हील काढा.

पुढच्या चाकांच्या मधोमध फिरवायचे हब असतील, तर दोन्ही हब मोकळ्या खुणेवर आणा. एक मोकळा आणि एक लॉक असे ठेवू नका. हब हाताने फिरत नसेल तर पक्कड लावण्याआधी गाडी थोडी मागे घ्या; तिथेही तोच पीळ असतो. ज्या गाड्यांचे हब आपोआप लागतात, त्यांतल्या अनेकांना सुटण्यासाठी दांडा काढल्यानंतर काही फूट सरळ मागे जावेच लागते.

दिवा खरे सांगतो का?

डॅशबोर्डवरचा दिवा जळतो म्हणून फोर-व्हील लागलेलीच आहे, असे नाही. तो दिवा ट्रान्सफर केसवरच्या एका छोट्या स्विचवर चालतो. स्विचमध्ये पाणी गेले किंवा तार घासली, तर फोर-व्हील सुटूनही दिवा जळत राहतो.

खरे काय ते घरच्या अंगणात पाहता येते. गाडी सपाट आणि टणक जागेवर उभी करा. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, फोर-व्हीलचा दांडा सुटलेल्या जागी. मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून मोठे दगड लावा. हब असतील तर या तपासणीपुरते लॉक करा. मग पुढचे एकच चाक जॅकने जमिनीपासून थोडे उचला आणि हाताने फिरवून पाहा. सहज फिरले तर फोर-व्हील सुटलेली आहे, दोष स्विचचा किंवा तारेचा. फिरत नसेल तर आतली जोडणी अजून कायम आहे.

चाक उचलल्याने साठलेला पीळही निघून जातो. म्हणून चाक खाली टेकवल्यावर दांडा पुन्हा एकदा हलवून पाहा. मात्र ताण सुटताना चाक अचानक झटका देऊ शकते. जॅक चढवताना हात-पाय चाकापासून दूर ठेवा आणि जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जाऊ नका. काही जुन्या जीपगाड्यांचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की तो हातब्रेक गाडी धरत नाही. म्हणून मागचे चाक उचलू नका आणि दगड लावायला विसरू नका.

पुन्हा पुन्हा अडकत असेल तर

टायर पाहा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील, तर गाडी सरळ चालतानाही पीळ भरतो. चाकांच्या घेरात 2 टक्के फरक असला तर दर किलोमीटरला 20 मीटरचा फरक साठतो. चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखे झिजलेले आणि ठरलेल्या हवेचे हवेत.

मग दांड्याखालची जोडणी पाहा. तिथे चिखल सुकून दगडासारखा होतो, पिना गंजतात, बुश झिजतात. कुणाला तरी आत बसून दांडा हलवायला सांगा आणि बाहेरून पाहा. दांडा हलतो पण खालची पट्टी पूर्ण सरकत नाही, असे दिसले तर सफाई, ग्रीस आणि नवे बुश एवढ्यावर काम भागते. इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग बसले असेल, तरी दांड्याचा कोन बदलून तो अर्धवट सरकतो.

ट्रान्सफर केसचे तेलही तपासून घ्या. पाण्यातून गेलेल्या गाडीचे तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे. ते लगेच बदला. बटणावर चालणारी फोर-व्हील असेल तर आधी फ्यूज आणि बॅटरी, मग मोटर आणि तारांचे जोड. काही गाड्यांत हबला व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या असतात. त्या जुन्या झाल्या की चिरतात.

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तर आतले फोर्क किंवा दाते खराब असू शकतात, आणि तिथे ट्रान्सफर केस उघडण्यावाचून इलाज नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरी हाच प्रसंग आला. एका गॅरेजने ट्रान्सफर केस बदलण्याचा मोठा खर्च सांगितला. घरची कर्ती बाई जीप विकायला निघाली होती. गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी आधी विचारले, "भाभी, टायर कधी बदलले?" महिन्यापूर्वी फक्त पुढचे दोन बदलले होते. मिस्त्रींनी गाडी शेतात नेऊन मागे घेतली, दांडा सुटला. पुढे मागचे दोन टायर बदलल्यावर तक्रार थांबली. म्हणून गॅरेजमध्ये जाताना एवढे जरूर विचारा: गाडी मागे घेऊन पाहिली का? टायर मोजले का? खालची जोडणी तपासली का?

तशीच चालवावी का?

थोडे अंतर, हळू आणि शक्यतो सरळ, इतपत ठीक. घाटात मात्र नको. फोर-व्हील लागलेली गाडी कोरड्या डांबराच्या वळणावर वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते, आणि घाटातल्या वळणापलीकडे दरी असते. शिवाय टायर झिजतात, शाफ्टचे जॉइंट तुटू शकतात. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर दोनच चाके उचलून नेऊ देऊ नका. चारही चाके वर घेणारी गाडी मागवा.

फोर-व्हील चिखल, वाळू आणि सैल मातीसाठी आहे. डांबर सुरू होण्याआधीच, मातीवर असताना ती काढून टाका. आणि उन्हाळ्यात गाडी नुसती उभी असली, तरी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर फोर-व्हील लावून थोडे सरळ चालवा, म्हणजे जोडण्या गंजणार नाहीत. घरात जे कुणी गाडी चालवतात, मुलगा असो की सून, त्या सगळ्यांना गाडी मागे घेऊन दांडा सोडवण्याची रीत एकदा मोकळ्या शेतात करून दाखवा. पहिल्या पावसात ती इन्शाअल्लाह कामी येईल.