पिकअप घेताना गाडी झटके देते?

बुकित पंजांगमध्ये आमच्या ब्लॉकमधल्या एका काकांची गाडी बीकेई एक्स्प्रेसवेवर चढताना झटके द्यायची. सावकाश चालवली की काहीच त्रास नाही. हे लक्षण फार बोलकं आहे.

जोरात पिकअप घेतला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइल किंवा स्पार्क प्लग थकला असेल, तर नेमकं इथेच मिसफायर होतं.

ओबीडी स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर.

लगेच नवा पार्ट घेऊ नका! इंजिन थंड झाल्यावर दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलचा. काकांच्या गाडीत तेच निघालं.

कोड तोच राहिला तर प्लग, मग इंजेक्टर तपासा. पी०१७१ असेल तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय: कुठेतरी गळतीतून जास्तीची हवा आत शिरते, एअरफ्लो सेन्सर मळलाय किंवा फ्युएल पंप दमलाय.

इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो भाग फार महाग असतो.

तुमची गाडी नेमकी कधी झटके देते? मॉडेल आणि कोड लिहा, बघूया.