स्टार्टरची डबी

कोकणातल्या आमच्या घरी माजघरातली ट्यूब संध्याकाळी पहिल्या झटक्यात कधी पेटली नाही. दिवेलागणीला व्होल्टेज पडायचं. दोन्ही टोकांना तांबूस उजेड धरून ती लुकलुकत राहायची आणि आजी म्हणायची, "स्टार्टर फिरव रे जरा." स्टुलावर चढून मी ती छोटी डबी किंचित फिरवायचो, की माजघर लख्ख. त्या डबीत काय असेल याने मला झपाटलं ते आजतागायत.

सातवीत एक जळका स्टार्टर फोडला. आत बोराएवढा काचेचा फुगा आणि त्याला चिकटून एक कपॅसिटर, बस्स. फुग्यात निष्क्रिय वायू आणि दोन धातू जोडून केलेली पट्टी. बटण दाबलं की वायू चमकतो, त्या उष्णतेने पट्टी वाकते आणि शेजारच्या तारेला टेकते. आता वीज ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या फिलामेंटमधून वाहते, ती तापतात. पण पट्टी टेकताच वायूची चमक विझते, पट्टी निवते आणि सुटते. प्रवाह असा अचानक तुटला की चोकचं वेटोळं कित्येकशे व्होल्टचा झटका देतं, आणि ट्यूबमधल्या पाऱ्याच्या वाफेतून वीज धावू लागते. वाफेतून निघणारे अतिनील किरण काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर पडून उजेड होतात. ट्यूब पेटल्यावर तिच्या टोकांमध्ये शंभरेक व्होल्टच उरतात. तेवढ्यावर स्टार्टर पुन्हा चमकत नाही. म्हणूनच जळत्या ट्यूबचा स्टार्टर काढला तरी ती जळतच राहते. इतकी स्वस्त आणि इतकी शहाणी वस्तू घरात दुसरी नव्हती, असं माझं ठाम मत आहे.

बाकीचा इतिहास थोडक्यात: जाड ४० वॅटची ट्यूब गेली, बारीक ३६ वॅटची आली, निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि एलईडी घरोघरी पोचला.

गेल्या दिवाळीआधी मी पुण्यातल्या घरातल्या पट्ट्या बदलल्या. चोकसकट पन्नासेक वॅट खाणारी ट्यूब जाऊन २० वॅटची आली. रोज सहा तास धरले तर एका दिव्यामागे वर्षाला पासष्टेक युनिट वाचतात. जुनी पट्टी ठेवून नुसती एलईडी ट्यूब बसवता येते, पण खोक्यावरची आकृती वाचूनच. काही ट्यूबना चोक चालतो आणि स्टार्टरच्या जागी सोबत आलेली डबी लावायची असते. काहींना चोक काढून थेट जोडणी लागते. काहींत फेज आणि न्यूट्रल एकाच टोकाला, काहींत दोन टोकांना. दुसऱ्या प्रकारात एक टोक होल्डरमध्ये गेलं की मोकळ्या टोकाच्या पिनांना वीज येऊ शकते. म्हणून मेन स्विच बंद, हातात टेस्टर आणि शंका असेल तर वायरमन. माझं मत विचाराल, तर जुने होल्डर पिवळे पडून ठिसूळ झाले असतील तर अख्खी पट्टीच नवी घ्या.

पहिल्याच रात्री गंमत झाली. बटण बंद करूनही स्वयंपाकघरातला नवा दिवा काजव्यासारखा मिणमिणत होता. टेस्टर लावला तेव्हा माझी ट्यूब पेटली: चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलं होतं! बटण बंद, तरी दिव्यापर्यंत फेज आलेलीच. तारांमधून झिरपणारा क्षुल्लक प्रवाह जुन्या ट्यूबला पेटवू शकत नव्हता; एलईडीला मात्र तेवढा पुरतो. इतकी वर्षं स्टुलावर चढून आम्ही बेधडक ट्यूब काढत होतो. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावून सगळी बटणं तपासून घेतली.

आणखी एक फरक जाणवला. ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकायची, त्यामुळे छतही उजळायचं. एलईडीचा उजेड बहुतेक खालीच उतरतो. दिवाणखान्यात म्हणून ६५०० केल्विनऐवजी ४००० केल्विनचे दोन दिवे समोरासमोरच्या भिंतींवर लावले. डोळ्यांना फार निवांत वाटतं.

जुन्या ट्यूब घंटागाडीत टाकू नका. आत पारा असतो; फुटली तर खिडक्या उघडा आणि तुकडे झाडूने न लोटता पुठ्ठ्याने गोळा करा. माझ्या चार ट्यूब पुठ्ठ्यात गुंडाळून ई-कचरा संकलनात दिल्या. चोक तांब्याच्या भावाने भंगारात गेले. स्टार्टर मात्र चारही माझ्या टेबलाच्या खणात आहेत. एकाचं टोपण काढून ठेवलंय, नातवाला फुगा दिसावा म्हणून.