सरकारी खाट आणि खासगी विमा

मेडिक्लेमची पॉलिसी घेतलेला मध्यमवर्गीय गृहस्थ एका विशिष्ट निश्चिंतीने वावरतो, आणि त्या निश्चिंतीच्या भरात सरकारी दवाखान्याशी असलेला आपला संबंध कायमचा संपला असे मनोमन धरून चालतो. परंतु त्याच्या नातवाला लस टोचणारी परिचारिका, शेजारच्या क्षयरोग्याला सहा-सहा महिने विनामूल्य औषध पुरवणारा कर्मचारी आणि गावाकडे सर्पदंश झालेल्या त्याच्या भावाला मध्यरात्री प्रतिविष टोचणारे प्राथमिक आरोग्य केंद्र यांची नोंद कोणत्याही विमा कंपनीच्या दफ्तरी सापडणार नाही. विमा रोग टाळीत नाही आणि बराही करीत नाही. तो इस्पितळाच्या बिलाचा भार वाहतो, आणि तोही कलमांच्या आधीन राहून.

आपल्याकडे ही सोय तशी अलीकडची. कामगारांसाठी १९४८ चा राज्य विमा कायदा आणि केंद्र सरकारच्या नोकरांसाठी १९५४ ची योजना सोडली, तर इतरेजनांना सरकारी रुग्णालय किंवा सावकार एवढेच दोन दरवाजे होते. सरकारी मालकीच्या चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम आणले, आणि १९९९ च्या कायद्याने या व्यवसायाची कवाडे खासगी कंपन्यांना खुली झाली. पुढे सरकारनेच विम्याची रीत उचलली. राज्यात २०१२ साली सुरू झालेली आणि आज महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या नावाने चालणारी तजवीज, तसेच २०१८ ची आयुष्मान भारत योजना, यांमुळे ठरावीक उपचारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आणि ते अंगीकृत खासगी रुग्णालयांतही मिळते. तेव्हा सरकारी आणि खासगी यांतील भिंत आपण समजतो तितकी जाड राहिलेली नाही.

मग खासगी पॉलिसी कशाला? योजनेच्या यादीत नसलेला उपचार, यादीत नसलेले रुग्णालय, आणि स्वतंत्र खोलीत राहण्याची इच्छा, यांसाठी. मात्र अपघात वगळता पहिले ३० दिवस, आणि आधीपासून असलेल्या मधुमेहासारख्या व्याधींच्या बाबतीत तीन वर्षांपर्यंत, ही पॉलिसी तोंड उघडत नाही. त्या मुदतीत ससून किंवा केईएम यांच्या दारी जाण्यात कमीपणा मानणे हा मला शुद्ध अहंकार वाटतो.

सर्वांत जास्त मनस्ताप होतो तो खोलीच्या भाड्याच्या कलमाने. समजा, विम्याची रक्कम ५ लाख असून खोलीचे भाडे दिवसाला ५,००० रुपयांपर्यंतच मंजूर आहे, आणि आप्तांच्या आग्रहाखातर रुग्णाला ८,००० च्या खोलीत ठेवले. वरचे ३,००० आपण भरू, असा सरळ हिशेब घरची मंडळी करतात. कंपनीचा हिशेब निराळा असतो: खोलीच्या दर्जाप्रमाणे शल्यविशारदाची फी, शस्त्रक्रियागृहाचा आकार वगैरे सर्वच दर चढतात, म्हणून तीही ५ : ८ या प्रमाणात छाटली जातात. अशी बाब २ लाख ४० हजारांची असेल, तर १ लाख ५० हजार मिळतात आणि ९० हजार पदरचे जातात. औषधांच्या किमतीला ही कात्री लागत नाही, एवढाच दिलासा. हे कळते ते बहुधा घरी सोडण्याच्या दिवशी, बिलाच्या खिडकीपाशी.

अर्जात जुना आजार लपवणारेही कमी नाहीत. हप्ता चार पैशांनी कमी पडावा म्हणून रक्तदाबाची गोळी विसरणारा मनुष्य आपला दावा नामंजूर करण्याचे कारण स्वहस्ताक्षरात कंपनीच्या हवाली करीत असतो.

पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत, ती पसंत नसेल तर, परत करता येते आणि किरकोळ वजावट होऊन हप्ता मिळतो. वाचकहो, त्या ३० दिवसांतील एक दुपार काढा, चष्मा लावा, आणि खोलीच्या भाड्याचे कलम तेवढे आधी शोधा.