वॉलपेपरआधी ओल तपासा

फौजेच्या नोकरीत कोरड्या जैसलमेरपासून दमट कोचीपर्यंत राहिलो, म्हणून सांगतो: नमुने बघण्याआधी ओल तपासा. हातभर प्लॅस्टिक भिंतीला आणि जमिनीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतून पाणी साचलेले दिसले, तर आधी ओल कुठून येते ते शोधा. ओल्या भिंतीवर वॉलपेपर लावला की मागे बुरशी धरते. घरात दमेकरी असेल तर त्याला त्रास.

लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या तंतूंचा, पाण्याने फुगतो. एसपीसीत चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी असते, ते फुगत नाही. पण खालची ओल त्याने फक्त झाकली जाते, जात नाही. भिंत आणि जमीन कोरडी झाली, की मग रंग-डिझाइन खुशाल निवडा.