उच्च गणित आणि कोंकणांतील विद्यार्थी

दरसाल शालान्त परीक्षेचे निकाल लागले म्हणजे रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचें नांव महाराष्ट्रभर गाजतें. २०२४ सालीं दहावीच्या परीक्षेंत कोंकण विभागाचा निकाल शेंकडा ९९.०१ लागला, २०२५ सालीं तो शेंकडा ९८.८२ होता, आणि दोन्ही वर्षीं सर्व विभागांत पहिला क्रमांक याच विभागाचा होता. निकालानंतर कणकवलीच्या नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक लागतात, पेढे वांटले जातात, आणि हें सर्व योग्यच आहे. परंतु या फलकांवरील जीं मुलें पुढें विद्यापीठांत गणित हा विषय घेतात, त्यांचें चार-पांच वर्षांनीं काय होतें, हें विचारण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. आज आम्हांस तोच प्रश्न आमच्या वाचकांपुढें मांडावयाचा आहे.

अनुभव असा आहे. फोंडाघाट, खारेपाटण किंवा कासार्डे येथील शाळेंतून उत्तम गुण घेऊन आलेला मुलगा आवडीनें गणित घेतो. आजवर गणित म्हणजे रीत, एवढेंच त्याला ठाऊक असतें. रीत समजली, दहा उदाहरणें सोडविलीं, आलेलें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं दिलेल्या उत्तराशीं जुळलें, कीं काम झालें. पदवीच्या पहिल्याच सहामाहींत त्याच्यापुढें फळ्यावर जें येतें, त्यांत आंकडे जवळजवळ नसतातच. सीमेची व्याख्या येते; तींत एप्सिलॉन व डेल्टा हीं दोन ग्रीक अक्षरें येतात; 'प्रत्येक' आणि 'असा एक तरी' हे शब्द येतात; आणि प्रश्न 'उत्तर काढा' असा नसून 'सिद्ध करा' असा असतो. सिद्ध करावयाचें म्हणजे नेमकें काय करावयाचें, हें त्याला कोणीं कधीं सांगितलेलें नसतें. तो शेजाऱ्याच्या वहींत डोकावतो. शेजाऱ्याची वही त्याच्याच वहीसारखी असते, म्हणजे फळ्यावरील अक्षरांची नक्कल.

पंधरा दिवसांनीं तो मनाशीं एक निकाल ठरवून टाकतो, आणि तो निकाल गणिताविषयीं नसून स्वतःविषयीं असतो. 'आपल्याला डोकें नाहीं,' असें तो ठरवितो. यापुढें तो वर्गांत प्रश्न विचारीत नाहीं. कारण प्रश्न विचारणें म्हणजे तो निकाल चारचौघांत जाहीर करणें होय. मग तो सिद्धता पाठ करूं लागतो. मधल्या तीन ओळी विसरल्या तर तेवढी जागा गाळून शेवटची ओळ लिहितो. उत्तीर्ण झाला तर तें पुस्तक पुन्हा उघडीत नाहीं. न झाला तर विद्यार्थ्यांच्या बोलींत त्याला 'केटी' लागते, आणि तो विषय पुढच्या वर्षांतहि त्याच्या मानेवर बसून राहतो. अभियांत्रिकीकडे गेलेल्यांची कथा फारशी निराळी नाहीं. ग्रुप थिअरी, मेट्रिक स्पेसेस हीं नांवें पुढच्या वर्षांत येतात तेव्हां तर हुशार म्हणविणारीं मुलेंहि बिचकतात.

हा निकाल खोटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्या व्याख्येपाशीं हा मुलगा अडखळला, तिचा इतिहास पाहावा. न्यूटन व लायब्निट्झ यांनीं सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कलनशास्त्राचा पाया घातला. त्या शास्त्राच्या बळावर ग्रहांच्या गति मोजल्या गेल्या; परंतु ज्या अतिसूक्ष्म राशींवर तें उभें होतें, त्या राशि म्हणजे काय, याचें समाधानकारक उत्तर त्या दोघांपाशींहि नव्हतें. जॉर्ज बर्कली या बिशपानें १७३४ सालीं याच उणिवेवर कठोर टीका केली. फ्रान्सांत कोशीनें १८२१ सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत सीमेच्या कल्पनेला पायाचें स्थान दिलें, आणि आज शिकविली जाते ती काटेकोर भाषा जर्मनींत वायरस्ट्रास यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ केली. इंग्लंडांतील विद्यार्थ्यांस ही पद्धति त्यांच्या भाषेंत नीट उलगडून सांगणारें हार्डी यांचें पुस्तक निघालें तें १९०८ सालीं. म्हणजे जी व्याख्या घडविण्यास यूरोपांतील अत्यंत कुशाग्र बुद्धीला दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला, ती अठरा वर्षांच्या मुलाच्या हातीं एका तासांत दिली जाते, आणि ती न समजली तर दोष त्याच्या डोक्याचा ठरतो! हा न्याय कोणता?

बरें, ती व्याख्या समजण्यापलीकडची आहे काय? मुळींच नाहीं. एखाद्या सुताराकडे गिऱ्हाइकानें चार चौरस फूट क्षेत्राची चौरस फळी मागितली, असें समजा. गिऱ्हाईक म्हणतें, क्षेत्रांत एक दशांश चौरस फुटाहून अधिक चूक चालणार नाहीं. सुतार हिशेब करून सांगतो कीं, दोन फुटांच्या बाजूंत एक पन्नासांश फुटाहून अधिक चूक होऊं दिली नाहीं, तर तुमची अट पाळली जाईल. गिऱ्हाईक अधिक चोखंदळ होऊन एक शतांशावर येतें. सुतार बाजूची चूक एक पांचशांशावर आणतो. गिऱ्हाइकाची मागणी कितीहि बारीक झाली, तरी तिला पुरें पडेल असें उत्तर सुतारापाशीं दर वेळीं असतें, एवढेंच 'सांतत्य' या शब्दांत सांगितलेलें आहे. गिऱ्हाइकाची अट ही एप्सिलॉन, सुताराचें उत्तर ही डेल्टा. मागणी आधीं आणि उत्तर नंतर, हा क्रम उलटला कीं व्याख्या ढांसळते. हें मराठींत, पंधरा मिनिटांत, फळ्यावर चौरस काढून सांगतां येतें. आणि सांगितल्यावर इंग्रजी वाक्यांतील शब्दांचा क्रम तसाच कां, हें विद्यार्थ्यास आपोआप कळूं लागतें.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो. उच्च गणित हें थोड्यांचेंच शास्त्र आहे. ज्याच्या अंगीं बुद्धि आहे तो वाट काढतोच. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथराव परांजपे १८९९ सालीं केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, ते अशा सोयींवांचूनच ना? रँग्लर परांजपे यांच्या बुद्धीचा आम्हांसहि अभिमान आहे. परंतु केंब्रिजला विद्यार्थ्याजवळ बसून त्याच्याकडून उदाहरणें घोटवून घेणारे खासगी शिक्षक ठेवण्याची चाल फार जुनी होती, हें विसरतां कामा नये. लोकमान्य टिळकांनीं १८७७ सालीं बी. ए.ची पदवी गणितांत पहिल्या वर्गांत मिळविली. त्यांस केरूनाना छत्र्यांसारखे गुरु लाभले होते. ज्यांनीं वाट काढली त्यांस वाटाड्या मिळाला होता, हाच याचा अर्थ. शिवाय ज्या गुणानुक्रमानें सीनियर रँग्लर ठरत, तो क्रम जाहीर करणें खुद्द केंब्रिजनेंच १९०९ नंतर बंद केलें. कारण त्यानें ज्ञानापेक्षां परीक्षेची तयारी वाढते, असें तेथील विचारी लोकांस दिसून आलें. जें केंब्रिजनें टाकलें, तें आम्हीं उराशीं कां धरावें?

आतां भाषेकडे वळूं. कणकवलीच्या आसपासच्या मुलाच्या घरांत मालवणी, शाळेंत ग्रांथिक मराठी आणि महाविद्यालयांत इंग्रजी, अशा तीन पायऱ्या आहेत. यांतील शेवटची पायरी आणि गणितांतील सर्वांत अवघड पायरी त्याला एकाच दिवशीं चढावी लागते. वस्तुतः या जिल्ह्यास याबाबतींत कोणाकडे शिकावयास जाण्याचें कारण नव्हतें. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनीं १८३२ सालीं 'दर्पण' काढलें, म्हणून आम्ही वृत्तपत्रकार दरसाल ६ जानेवारीस त्यांचें स्मरण करतों. परंतु तेच बाळशास्त्री एल्फिन्स्टन विद्यालयांत अध्यापक होते, आणि 'शून्यलब्धिगणित' हें कलनशास्त्रावरील मराठी पुस्तक त्यांच्याच नांवावर आहे, याचें स्मरण कितीजणांस असतें? ज्या भाषेंत हें काम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत होऊं शकलें, ती भाषा आज अपुरी आहे म्हणणें म्हणजे स्वतःच्या आळसास शास्त्राचें नांव देणें होय.

पुढील अभ्यास इंग्रजींत आहे, ग्रंथ इंग्रजींत आहेत, हें आम्ही जाणतों. इंग्रजी टाकावी असें आम्ही म्हणत नाहीं. 'दर्पणा'च्या पृष्ठावर मराठी व इंग्रजी हे दोन स्तंभ शेजारीं शेजारीं असत. तोच मार्ग येथेंहि धरावा. संज्ञा इंग्रजी असो, प्रमेयाचें वाक्य इंग्रजी असो. परंतु 'हें खरें कां असावें' याची चर्चा मुलाच्या भाषेंत व्हावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि उच्च शिक्षणांत मातृभाषेच्या व द्विभाषिक अध्यापनाचा पुरस्कार केला आहे. तो कागदावरून वर्गांत आणण्यास कोणाची आडकाठी आहे?

भाषेइतकाच दुसरा अडथळा एकटेपणाचा आहे. तास संपले कीं मुलांस एस्. टी. गांठावयाची असते, ज्या घटकेस अडलेला प्रश्न चौघांत बसून सोडवावयाचा, त्या घटकेस प्रत्येक जण आपापल्या गांवच्या वाटेवर असतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या यूरी ट्राइसमन या गणितज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत एक गोष्ट पाहिली. कलनाच्या वर्गांत कृष्णवर्णी विद्यार्थी मागें पडत. त्यांची हौस कमी, तयारी कमी, असें लोक म्हणत. ट्राइसमन यांस दिसलें तें वेगळेंच. हे विद्यार्थी कष्टाळू होते, पण एकटे अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढीत. त्यांनीं अशा एकत्र अभ्यासाचे वर्ग काढले. त्यांत सोपीं नव्हे तर मुद्दाम कठीण उदाहरणें दिलीं, आणि मागें पडणारे पुढें आले. आपल्याकडेहि मुंबई विद्यापीठांत अध्यापक असलेल्या प्रा. कुमरेसन यांनीं १९९३ सालीं सुरू केलेल्या गणिताच्या उन्हाळी शिबिरांत अध्यापकानें व्याख्यान देण्यापेक्षां प्रश्न विचारावेत आणि विद्यार्थ्यानें विचार करून बोलावें, यावरच भर राहिला. मात्र अशा शिबिरांत मोजक्यांसच स्थान मिळतें. जें तेथें थोड्या दिवसांत घडतें, तें कणकवलीच्या वर्गांत आठवड्यांतून एकदां तरी कां घडूं नये?

मुलींविषयीं येथें दोन शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे. गणितांत पुढें असलेल्या मुलीस 'एवढें अवघड कशाला, सोपी पदवी घे आणि मोकळी हो,' असा सल्ला अजूनहि घरोघर मिळतो. मंगला नारळीकर यांनीं १९६४ सालीं मुंबई विद्यापीठाची एम्. ए.ची परीक्षा गणित घेऊन सुवर्णपदकासह दिली, आणि संसार व मुलें सांभाळून १९८१ सालीं त्याच विद्यापीठाची पीएच्. डी. मिळविली, शिवाय सामान्य वाचकांकरितां मराठींत गणितावर पुस्तकें लिहिलीं. अवघड विषय स्त्रीच्या वाट्याचा नव्हे, असें म्हणणारांनीं या एका चरित्राचें उत्तर द्यावें.

आमच्या सूचना थोड्या आहेत, आणि त्यांस मोठा खर्च नाहीं. पहिली: पदवीच्या पहिल्या सहामाहीच्या आरंभीं निदान तीन आठवडे 'सिद्धता म्हणजे काय' एवढेंच शिकवावें, प्रत्येक विधानाचा नकार कसा करावयाचा, उदाहरण आणि पुरावा यांत भेद कोणता, हें मराठींत घोटवून घ्यावें. दुसरी: आठवड्यांतून एक तास अध्यापकानें खडू विद्यार्थ्याच्या हातीं द्यावा, आणि चुकलेली सिद्धता फळ्यावर राहूं देऊन ती कोठें चुकली हें वर्गाकडूनच काढून घ्यावें. तो तास वेळापत्रकाच्या मधोमध असावा, म्हणजे एस्. टी.ची सबब उरणार नाहीं. तिसरी: विद्यापीठानें प्रश्नपत्रिकेंत पाठ केलेल्या प्रमेयांस कमी आणि न पाहिलेल्या उदाहरणांस अधिक गुण ठेवावेत. जोंपर्यंत पाठांतरास गुण आहेत, तोंपर्यंत बाजारांतील गाईडांस मरण नाहीं.

पालकांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, दहावीस शेंकडा पंचाण्णव गुण मिळविलेला मुलगा पदवीच्या पहिल्या परीक्षेंत चाळिसांवर आला, तर तो बिघडला असें समजूं नये. त्याच्यापुढें विषयच नवा आला आहे. अध्यापकांस आमचें सांगणें असें कीं, ही गोष्ट पहिल्याच तासास वर्गास स्पष्टपणें सांगावी; कारण वाट चढाची आहे हें आधीं कळलेला प्रवासी दम लागला म्हणून स्वतःस लंगडा समजत नाहीं. याच तालुक्यांत वागदे येथें अप्पासाहेब पटवर्धन यांनीं १९४८ सालीं गोपुरी आश्रम उभा केला. जें काम समाजानें थोड्यांच्याच माथीं मारलें होतें, तें सर्वांचें आहे, हें त्यांनीं स्वतःच्या हातांनीं करून दाखविलें. उच्च गणितहि थोड्यांचेंच आहे, हा समज अशाच करणीनें जाईल. आणि तें काम पुढच्या निकालाच्या फलकांची वाट न पाहतां, येत्या सहामाहीच्या पहिल्या तासापासून सुरू करतां येण्यासारखें आहे.