कळणं आणि दाखवणं : एका एकवीस अंकी संख्येची गोष्ट

आज आपण एकाच संख्येविषयी बोलू. लिहून घ्या : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकूण एकवीस अंक. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पटाला चौसष्टऐवजी सदुसष्ट घरं असती, तर सगळे दाणे मिळून नेमके एवढे झाले असते. म्हणजे २ चा ६७ वा घात, वजा १.

फ्रान्समधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने १६४४ साली अशा संख्यांची यादी छापली. त्यात ही संख्या मूळ आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही, असं म्हटलं होतं. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी सिद्ध केलं की ती मूळ नाही. पण गंमत बघा, तिला कशाने भाग जातो हे त्यांनाही सांगता येत नव्हतं!

आता तुम्ही म्हणाल, भाजक ठाऊक नाही, मग भाग जातो हे कळलं कसं? छोटं उदाहरण घेऊ. फर्मा यांचा एक नियम आहे. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या. तिच्याहून एकने लहान एवढा २ चा घात काढा आणि त्याला त्या संख्येने भागा. बाकी १ च उरते. ७ घेतले, तर २ चा ६ वा घात ६४, आणि ७ ने भागल्यावर बाकी १. ठीक. आता १५ घ्या. २ चा १४ वा घात १६,३८४. १५ ने भागल्यावर बाकी ४. झालं! १५ ही मूळ संख्या नाही. ३ आणि ५ यांचं आपण नावसुद्धा काढलं नाही. ल्युकांची कसोटी वेगळी होती, पण धाटणी हीच.

आपल्या नैयायिकांच्या भाषेत हे अनुमान. डोंगरावर धूर दिसला, म्हणजे तिथे अग्नी आहे. अग्नी कुणी पाहिलेला नाही.

तो ‘पाहिला’ फ्रँक नेल्सन कोल यांनी. ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा. ई. टी. बेल यांनी सांगितलेली हकिकत अशी, की कोल फळ्याकडे गेले, एकीकडे आपली संख्या काढली, दुसरीकडे १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं जुळली. एक शब्द न बोलता ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्या पडल्या. हे शोधायला किती काळ लागला? कोल म्हणाले म्हणे, तीन वर्षांचे रविवार.

मग खरं ज्ञान कुणाचं, ल्युकांचं की कोल यांचं? आम्हाला वाटतं, दोघांचंही. खात्री ल्युकांनीच दिली. कोल यांनी तिच्यात भर घातली नाही. पण ल्युकांचं म्हणणं पटायला आधी त्यांचा सिद्धान्त समजावा लागतो. कोल यांचं उत्तर सातवीतलं पोरही तपासून बघू शकतं. शोधणं महाकठीण, तपासणं सोपं. हा फरक केवळ तात्त्विक नाही बरं का. इंटरनेटवरच्या व्यवहारांना लागणारी आरएसए नावाची कुलुपं याच फरकावर उभी आहेत, फक्त त्यातल्या संख्या शेकडो अंकी असतात.

तेव्हा आज घरी गेल्यावर हा गुणाकार कागदावर करून बघा. आमच्या शब्दावर विश्वास ठेवायची इथे गरजच नाही.